पासांची मिस्सा

चिंधा गावितनं दहावीच्या पासांची यादी फळ्यावर लावली, चारी कोपऱ्यांना टाचण्या खोचल्या आणि नेहमीसारखी खालून वर वाचायला घेतली. सत्तावीस वर्षं तो यादी अशीच वाचत आला होता. पहिला कोण आला याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. कोण नाही, ते त्याला बघायचं असायचं. ज्या पोराचं नाव नाही त्याच्याविषयी चिंधाच्या पोटात एकदम माया दाटायची. पुढचे आठ दिवस तो त्या पोराला गेटाशी थांबवून चहा पाजायचा.

यंदा खालून पहिलंच नाव त्याच्या बायकोचं निघालं.

एकतीस नंबर. वळवी रेवा दिवाल्या. एकसष्ट टक्के. गणितात अठ्ठावन्न.

चिंधानं टाचण्या काढल्या, कागद सरळ केला, पुन्हा लावला. कागद आधीही सरळच होता.

शाळा नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात. मिशनची शाळा, शेजारी चर्च, मागं मुलींचं बोर्डिंग. चिंधा तिथला शिपाई. घंटा, गेट, पाण्याची मोटर, चर्चच्या बाकड्यांची मांडामांड, सगळं त्याच्याकडं. बायको रेवाबाई बोर्डिंगच्या रांधणीत, सव्वाशे पोरींच्या भाकरी थापायला. दोघांची मूळ बोली मावची, पण आवारात दहा गावची माणसं. कारकून, दूधवाला, टेम्पोवाला सगळे अहिराणीत बोलायचे, आणि ती अहिराणी हळूहळू या दोघांच्या चुलीपर्यंत आली होती. पुस्तकी मराठी फक्त फादरसमोर आणि अर्जात.

चिंधा याच शाळेचा विद्यार्थी. एक्क्याण्णवच्या मार्चला दहावीला बसला आणि गणितात दीडशेपैकी एकेचाळीस घेऊन आपटला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, चव्वेचाळीस. पुढच्या मार्चला एकोणचाळीस. मग त्यानं नाद सोडला, कारण आकडा उलटा चालायला लागला होता. पाच-सहा वर्षं बारडोलीकडं ऊस तोडला, लग्न केलं, आणि शाळेत शिपायाची जागा निघाली तेव्हा त्या वेळच्या फादरनं त्याला बोलावून घंटा हातात दिली. पोरगा झाला एक, दिनेश. तो नववीतच शाळेला कंटाळला आणि आता पोल्ट्रीची गाडी चालवतो. म्हणजे त्या घरातून दहावीच्या पलीकडं अजून कोणी गेलेलं नव्हतं.

आणि ते ठसठसायचं जूनमध्ये, पासांच्या मिस्सेला.

मिस्सा म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना; कागदावर हिचं नाव उपकारस्तुतीची मिस्सा. लोक म्हणतात पासांची मिस्सा. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी पास झालेली सगळी पोरं नवे कपडे घालून चर्चच्या दारात रांगेनं उभी राहतात. प्रत्येकाच्या घरचा कर्ता माणूस त्याच्या ओंजळीत यंदाच्या पेरणीचं बी घालतो. कोणी भात, कोणी नागली, कोणी तूर. माइकवरून नाव पुकारलं की पोर ओंजळ सांभाळत वेदीपर्यंत चालत जातं, मागं बाप खांद्यावर हात ठेवून. वेदीसमोर बांबूचं मोठं टोपलं. त्यात ओंजळ रिकामी करायची. सगळ्या घरांचं बी त्यात एक होतं. फादर त्यावर पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, आणि मिस्सा संपली की ज्याचं नाव पुकारलं त्याच्या घराला त्यातलं वाटीभर बी परत मिळतं. ते घरच्या बियाण्यात मिसळून पेरायचं. ज्याच्या घरात कोणी पास नाही त्याला नाही. वाटी चिंधाच्या हातात असायची. एका नावाला एक वाटी, काठोकाठ, वर शीग नाही. एकदा सरपंचानं दोन मागितल्या तर चिंधानं भर लोकांत त्याला यादी दाखवली होती.

सत्तावीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या उपरण्यात बी घातलं. स्वतःच्या वावरात त्या टोपल्याचा दाणा पडला नव्हता.

रेवाबाई सातवीपर्यंत शिकलेली. रांधणीच्या खिडकीबाहेर पोरी धडे पाठ करत बसायच्या. हिच्या हातात भाकरी, कानात इतिहास. एक दिवस कोणती तरी पोर अडकली आणि आतून रेवाबाईनं पुढचं वाक्य सांगितलं. सिस्टर ग्रेसी बोर्डिंग सांभाळायच्या, त्यांनी ते ऐकलं. त्यांनी तिचा जुना दाखला शोधायला लावला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकला. हा फॉर्म शाळेत न बसता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा. नाव दाखल्यावर होतं तेच लागलं, माहेरचं.

पहिले काही महिने चिंधाला मजा वाटली. लोकांत सांगायचा, "मन्ही बायको शाळामा जास, मी घंटा वाजाडस." मग एका संध्याकाळी तिनं वही त्याच्यासमोर धरली. वहीच्या कडेला मिरचीच्या बोटांचे लाल ठसे. आत एक समीकरण.

"हाई सोडी दे ना," ती म्हणाली. "तू दहावीलोंग शिकेल शे."

चिंधानं वही लांब धरली, जवळ धरली. "चष्मा नही," म्हणाला.

"तुले चष्मा कव्हय व्हता?"

तो उठून मोटर बंद करायला गेला. मोटर बंदच होती. परत आला तेव्हा नववीतली एक पोर चुलीपाशी बसून रेवाबाईला ते समीकरण सोडवून दाखवत होती आणि रेवाबाई मान डोलवत होती. त्या दिवसापासून त्याला तिच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज सुद्धा खपेना. ती वाचायला बसली की याला तहान लागायची, टॉवेल सापडायचा नाही, पाठ दुखायची. ती उठून पाणी द्यायची, टॉवेल द्यायची, पाठीला तेल लावायची आणि पुन्हा वहीपाशी. तेल लावताना सुद्धा ओठ हलत असायचे. सूत्रं.

आणि आता अठ्ठावन्न.

फळ्यापाशी फुलीबाई येऊन उभी राहिली. ही रांधणीतली दुसरी बाई, रेवाबाईची जोडीदारीण. तिला वाचता येत नव्हतं, पण बातमी तिच्याकडं आधीच होती.

"चिंधाभाऊ, पेढा कव्हय खावाडस?"

"कागद हातमा येऊ दे पहिले. सतरा नंबरवाल्यासले पेपर सोपा ऱ्हास म्हंतस."

"असं का? मंग तू काब्र भरा नही तो फॉर्म?"

चिंधानं ऑफिसात जाऊन कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, तोच पेपर, तीच वेळ, तेच तपासणारे. चिंधा म्हणाला, "मी तं असाच इचारं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला तेव्हा रेवाबाई भाकरी भाजत होती. आनंदली होती, पण दाखवत नव्हती. दोन दिवसांत सगळं आवार तिला रेवाबाईऐवजी रेवाताई म्हणायला लागलं होतं आणि याला कोणी काही नवीन म्हणत नव्हतं.

"रविवारले बी कोणतं देशी?" तिनं विचारलं. "नागली का भात?"

हा प्रश्न त्यानं किती वर्षं मनात ऐकला होता. दिनेशच्या तोंडून ऐकायचा होता. त्यासाठी त्यानं एक साल चांगली नागली डब्यात बाजूला सुद्धा काढली होती. पोरानं शाळा सोडली तेव्हा कोंबड्यांना टाकली. आता प्रश्न आला आणि आला तो हिच्या तोंडून.

"मी काब्र देऊ?" तो म्हणाला.

"घरना कर्ता तू शे म्हनीसन."

"यादी वाची का? नाव वळवीसनं शे. दिवाल्यानी पोर पास जयी. गावितसना घरनं कोणी पास जयं नही. तुन्हा भाऊले बलाव. मान त्याना शे."

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. आता ती भांडेल, चिडेल, मग आपण थोडं ताणून धरू आणि शनिवारी संध्याकाळी, ठीक आहे बाई, देतो, म्हणू. असा त्याचा हिशेब होता.

रेवाबाईनं भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग तव्यावरून काढून त्याच्या ताटात टाकली.

"बरं," ती म्हणाली आणि पदराला हात पुसून मोबाईल घेतला.

तिचा भाऊ गोवाल हद्दीपलीकडं उच्छलच्या बाजूला राहायचा, चिंधाला पाव्हणा म्हणायचा. ती स्पीकर लावूनच बोलली.

"गोवाल, रविवारले बी तू दे म्हणस तुन्हा पाव्हणा."

"पाव्हणा सोता म्हणना?"

"सोता. मान तुन्हा शे म्हणे."

पलीकडं गोवालचा आवाज एकदम मऊ झाला. "आक्का, बापना लाल भातनं बी शे मनाकडे. तेच लई येस. पाव्हणाले सांग, मी इसराव नही हाई."

चिंधानं भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला. पाणी मागावंसं वाटलं, पण या वेळी मागवेना.

दुसऱ्या दिवसापासून भलतंच सुरू झालं. रेवाबाईनं ही गोष्ट रांधणीत सांगितली, आणि सांगितली ती अशी: आमच्या याने मान माझ्या माहेराला दिला. तिनं हे भोळेपणानं सांगितलं की जाणूनबुजून, ते चिंधाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुपारपर्यंत आवारभर झालं. दूधवाला म्हणाला, "मन मोठं शे भो तुन्हं." कारकून म्हणाला, "मन्ही बायकोनं ऐकं तं माले जगू देवाव नही." फुलीबाई तर पदर डोळ्याला लावून म्हणाली, असा नवरा सात गावांत नाही.

चिंधाला सत्तावीस वर्षांत एवढी शाबासकी कोणी दिली नव्हती, आणि ती प्रत्येक शाबासकी त्याला चटक्यासारखी लागत होती. गोवाल कोण? चौथीत शाळा सोडलेला माणूस. याच गोवालला लग्नात चिंधाच्या सुटाचं माप शिंप्याला नीट सांगता आलं नव्हतं. तो आता चर्चच्या दारात उभा राहणार, मधल्या वाटेनं चालणार, माइकच्या समोर. आणि आपण? आपण पंख्याच्या बटनापाशी.

शुक्रवारी तो फादर जोएलकडं गेला. फादर वसईकडचे, तरुण, मराठी बोलायचे ते छापल्यासारखं.

"फादर, एक नियम विचारायचा होता. लग्न झालेल्या बाईचं घर कोणतं धरायचं? बियाण्यासाठी?"

फादरनं पेन खाली ठेवलं. "असा प्रश्न आजवर आलाच नाही, चिंधा. लग्न झालेली कोणी पासच झाली नव्हती. पण मला वाटतं, तिच्या नवऱ्याचं घर."

चिंधाचा चेहरा उजळला. "म्हणजे बी नवऱ्यानं द्यायचं."

"द्यायचं असतं. पण तू मेव्हण्याला मान दिलास ना? सिस्टर सांगत होत्या. मी रविवारच्या प्रवचनात तुझं नाव घेणार आहे."

"नाव नका घेऊ, फादर."

"तुझा संकोच समजतो मी," फादर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

चिंधा बाहेर आला. एकच वाट राहिली होती: रेवाबाईला सरळ सांगायचं की मी जळलो म्हणून तसं बोललो, बी मीच देतो. शनिवारी दिवसभर तो ते वाक्य तोंडात घोळवत बाकडी पुसत होता. संध्याकाळी घरी गेला तर ती नव्या लुगड्याला फॉल लावत बसलेली.

"रेवा."

"काय?"

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. एखादं गणित समोर आलं की उत्तर निघेपर्यंत ती जशी बघायची, तशी बघत होती. चिंधाला ते एकेचाळीस आठवले, चव्वेचाळीस आठवले.

"फॉल वाकडा लागी ऱ्हायना," तो म्हणाला.

रविवारी चर्च भरून बाहेर व्हरांड्यापर्यंत माणसं. ढोल आला होता. एकतीस जण रांगेत. तीस पोरं कोवळी, आणि शेवटी रेवाबाई, सेहेचाळीस वर्षांची, हिरव्या लुगड्यात, पुढच्या पोराची कॉलर नीट करत. गोवाल सकाळी सातलाच मोटारसायकलीवर येऊन ठेपला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवं फडकं, काखेत बियाण्याची पिशवी. दारात चिंधाला बघून तो वाकला आणि पायाच पडला.

"पाव्हणा, बाप राहता तं आज तुमले खांद्यावर घेता."

"आत जा. गर्दी करू नको," चिंधा म्हणाला.

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. बाप पोराच्या ओंजळीत बी घालायचा, ढोलाचा ठेका, चालणं, टोपल्यात दाण्यांचा आवाज. चिंधा पंख्याच्या बटनापाशी भिंतीला टेकून उभा. दरवर्षी तो या वेळी पोरांकडं बघायचा आणि जळायचा. यंदा तो बापांकडं बघत होता. एक बाप तर दारू उतरल्याच्या डोळ्यांनी आला होता, तो सुद्धा पोराच्या ओंजळीत दाणा न सांडता बी घालत होता. त्याला सुद्धा जागा होती.

"वळवी रेवा दिवाल्या."

चर्चमध्ये टाळ्या वाजवायची रीत नाही, पण बोर्डिंगच्या पोरींनी वाजवल्या. रेवाबाईनं ओंजळ पुढं केली. गोवालनं पिशवी उघडून लाल भात ओतला तो सांडेपर्यंत. एका वेळी इतकं कोणी देत नाही. दाणे तिच्या मनगटांवरून लादीवर घरंगळले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तो चालू लागला, छाती काढून, डावी-उजवीकडं बघत, जणू गणितात अठ्ठावन्न त्यालाच पडले होते. रेवाबाईची नजर मात्र ओंजळीवर. पंख्यापाशी आली तेव्हा एकदा वर बघितलं, चिंधाकडं, आणि पाऊल क्षणभर थांबल्यासारखं झालं. चिंधाचा हात भिंतीपासून सुटला. तेवढ्यात गोवालनं मागून हलकेच रेटलं आणि ती पुढं गेली.

प्रवचनात फादरनं चिंधाचं नाव घेतलं. मोठ्या मनाचा माणूस म्हणाले. शेदोनशे डोकी वळली. चिंधानं पंखा तीनवरून चारवर केला.

मिस्सा संपली. चिंधानं टोपलं व्हरांड्यात आणलं, पितळी वाटी घेतली, यादी उघडली. एकेक जण आला, उपरणं पसरून वाटीभर बी घेऊन गेला. एकतीसला गोवाल आला. चिंधानं वाटी भरली, वरून हात फिरवून शीग पाडली आणि फडक्यात ओतली. गोवालनं चार गाठी मारल्या. टोपल्याच्या तळाशी थोडे दाणे आणि काड्या उरल्या. ते चर्चच्या बागेत टाकायची रीत. चिंधानं तेही टाकले.

मागं वळला तर रेवाबाई उभी. हातात पोरींनी दिलेली फुलं.

"आपलं?" ती म्हणाली.

"काय आपलं?"

"आपला वावरनं बी."

चिंधानं यादीकडं बघितलं. यादीत एकतीस नावं आणि एकतीस खुणा. एका नावाला एक वाटी. नियम त्याचाच.

"ते तं गोवालकडे गयं," तो म्हणाला.

"मंग? पेरनार काय तू? घर पास जयं, आन वावर नापास?"

ती भांडत नव्हती, फक्त तिथून हलत नव्हती. तिकडं झाडाखाली गोवाल मोटारसायकलीला किक मारत होता. चिंधाला त्याच्याकडं जायचं नव्हतं. दोन पावलं गेला, थांबला, मागं बघितलं. रेवाबाई मागोमाग येत होती. मग गेला.

"गोवाल, थांब. त्यामातलं थोडं दे."

"काब्र, पाव्हणा?"

"आम्हना वावरले."

गोवाल खरोखरच बुचकळ्यात पडला. "पन हाई वळवीसना नावनं शे. तुम्हीच म्हणना ना."

जेवणाकडं निघालेली माणसं आसपास रेंगाळायला लागली. फुलीबाई तर ताट घेऊनच थांबली.

"त्याले सांग ना काब्र पाहिजे," रेवाबाई म्हणाली.

चिंधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मन्ही बायको पास जयी म्हनीसन," तो मोटारसायकलीच्या टाकीकडं बघत म्हणाला.

"गणितमा किती?" रेवाबाईनं विचारलं.

यादी त्यानंच लावली होती. आठवडाभर तो आकडा डोक्यात घण घालत होता, पण तोंडातून एकदाही बाहेर पडला नव्हता.

"अठ्ठावन्न."

"शंभरमातून," ती गोवालला म्हणाली.

गोवाल हसला आणि गाठी सोडायला लागला. चिंधाकडं ना उपरणं, ना पिशवी. त्यानं दोन्ही हात जोडून ओंजळ केली, आयुष्यात पहिल्यांदा. गोवालनं फडकं तिरपं केलं. लाल भात, नागली, तूर, सगळ्या गावांचं बी त्याच्या हातात पडलं. चिंधा बारकाईनं बघत होता. फडक्यात राहिलं ते निम्म्याहून जास्त होतं. गोवालनं फडकं आवळलं.

"बस? इतलंच?" चिंधा म्हणाला.

"पुढला साल तू भर फॉर्म," रेवाबाई म्हणाली. "मंग पुरी वाटी ले."

फुलीबाई खुदकली, मागचे दोघे-तिघे हसले. चिंधाला काहीतरी चांगलं झणझणीत बोलायचं होतं, पण ओंजळीतून एक दाणा निसटला, मग दुसरा. त्यानं बोटं घट्ट केली आणि न बोलता घराकडं चालायला लागला, हळूहळू, पायाखालची वाट बघत.